संकरित मक्याचा उतारा कसा जोखायचा: सीमाभागातल्या नव्या शेतकऱ्यासाठी

दसरा सरला की आपल्याकडं आकड्यांचा मोसम सुरू होतो. कुणाला एकरी अठ्ठावीस क्विंटल पडलेले असतात, कुणाला पस्तीस, आणि बियाण्याच्या दुकानातल्या फलकावर तर चाळीसच्या खाली कुणी बोलतच नाही. उताऱ्याचे, म्हणजे एकरी किती मका पडला याचे, हे सगळे आकडे खरे असू शकतात, तरी एकाशी दुसरा लावून बघता येत नाही. एकानं ओला मका मोजलेला असतो, दुसऱ्यानं वाळलेला. एकाचं रान कालपर्यंत उसाखाली होतं, दुसऱ्याचं माळावरचं मुरमाड. एकाचा एकर चाळीस गुंठ्यांचा, दुसऱ्याचा बांध-विहीर धरून अंदाजपंचे.

"काय आण्णा, किती पडला?"
"पडलाय की तीस."
"वाळवून?"
इथं आण्णा चहाचा कप उचलतात.

बियाणं निवडताना खरा प्रश्न एवढाच असतो की दिसणारा फरक बियाण्याचा आहे की रानाचा. तो सोडवायला नऊ-दहा गुंठे, एक काटा, एक वही आणि थोडी शिस्त लागते.

आधी पिशवीत काय आहे ते बघा

सगळा हायब्रीड मका एका जातीचा नसतो. दोन शुद्ध वाणांचा (पिढ्यानपिढ्या स्वतःच्याच परागानं वाढवलेल्या वाणांचा) संकर केला की एकेरी संकर. त्या एकेरी संकराला तिसरा शुद्ध वाण जोडला की तिहेरी. दोन एकेरी संकरांचा पुन्हा संकर केला की दुहेरी, म्हणजे चार शुद्ध वाणांचं रक्त. यापलीकडं संमिश्र वाण असतात, अनेक वाण एकत्र मिसळून मोकळ्या परागीकरणानं वाढवलेले. ते हायब्रीड नव्हेत, पण तुलनेला एखादा घ्यायला हरकत नाही.

भारतात 1961 साली पहिले संकरित मके आले, गंगा 1, गंगा 101, रणजित आणि डेक्कन. ते दुहेरी संकर होते, कारण त्या काळात शुद्ध वाण इतके अशक्त असत की त्यांच्यावर विकण्याइतकं बी धरतच नसे. पुढं शुद्ध वाणच सुधारले, 1995 मध्ये लुधियानाहून पारस हा एकेरी संकर आला, आणि आज दुकानातल्या बहुतेक पिशव्या एकेरी संकराच्याच असतात. त्या महाग का, याचं उत्तरही इथंच आहे: बियाण्याच्या प्लॉटात मादी ओळ (जिच्यावर बी धरतं ती) शुद्ध वाणाची असते आणि ती कमी कणसं देते.

एकेरी संकराचं सगळं रान एकसारखं दिसतं, तुरा एकदम, कणसं एका उंचीवर. पाणी हाताशी असेल तर उताऱ्यात तो सहसा पुढं जातो. पण ऐन तुऱ्यात पावसानं दडी मारली तर सगळी ताटं एकाच वेळी अडचणीत येतात. तिहेरी-दुहेरी संकरात ताटं थोडी मागं-पुढं असतात, त्यामुळं मार विभागला जातो. म्हणून "एकेरीच चांगला" असं सरसकट म्हणणारा माणूस बहुधा पाटाच्या पाण्यावर शेती करणारा असतो.

पिशवीवरच्या लेबलावर लॉट नंबर, उगवणशक्ती, तपासणीची तारीख आणि मुदत असते. प्रमाणित बियाण्याला निळी चिठ्ठी असते, कंपनीच्या सत्यप्रत बियाण्याला (ज्याची हमी कंपनी स्वतःच देते) हिरवट. चिठ्ठी आणि पक्कं बिल पिशवीबरोबर फेकून देऊ नका. मूठभर बीही कागदाच्या पाकिटात ठेवा. पुढं तक्रार करायची वेळ आली तर हेच हातात असतं.

कुणाची गाठ कुणाशी लावायची

मक्याची मुदत हा उताऱ्यातला सगळ्यात मोठा छुपा घटक आहे. लवकर येणारे वाण 80 ते 90 दिवसांत, मध्यम 90 ते 100 दिवसांत, उशिराचे त्याहून पुढं. उशिराच्या वाणाला पानांनी अन्न बनवायला जास्त दिवस मिळतात, म्हणून त्याला दोन क्विंटल जास्त पडले तर त्यात नवल नाही. समजा, 95 दिवसांच्या वाणानं एकरी 25 क्विंटल दिले आणि 115 दिवसांच्या वाणानं 28. दिवसाला धरलं तर पहिल्याचे 26 किलो, दुसऱ्याचे 24. मक्यानंतर शाळू किंवा हरभरा धरायचा असेल तर हे वीस दिवस फार महाग आहेत. मागं काही करायचं नसेल तर खुशाल 28 घ्या.

स्वीट कॉर्न, बेबी कॉर्न आणि लाह्यांचा मका या तुलनेत आणू नका. त्यांचा बाजार दाण्याच्या वजनावर चालत नाही.

पहिल्या वर्षी तीनच वाण घ्या. त्यातला एक गावात आधीपासून चालणारा असू द्या, त्याच्याशी बाकीचे दोन मापायचे. शिफारशींच्या बाबतीत सीमाभागातला शेतकरी सुदैवी आहे. धारवाड कृषी विद्यापीठाचं मक्याचं काम गोकाकजवळच्या अरभावीला चालतं, आणि पलीकडं राहुरी विद्यापीठाचं कोल्हापूरला. राजर्षी हा संकर तिथलाच. दोन्हीकडच्या शिफारशी वाचा, फक्त एकक सांभाळा. विद्यापीठाचे आकडे हेक्टरी असतात, आपण बोलतो एकरात. हेक्टरी 75 क्विंटल म्हणजे एकरी 30. हा गोंधळ करून "विद्यापीठाचा मका पंचाहत्तर पडतो" असं ठासून सांगणारे लोक आपल्याकडं भेटतात.

आणखी एक. कर्नाटकाच्या शेती-हवामान विभागणीत अथणी-रायबाग उत्तरेच्या कोरडवाहू विभागात येतात, बेळगाव-हुक्केरी-चिकोडी संक्रमण विभागात, आणि खानापूर डोंगरी विभागात. मलप्रभा उगवते त्या कणकुंबीच्या बाजूला पाऊस थांबत नाही आणि अथणीत ढगांची वाट बघावी लागते. अथणीच्या पाहुण्याचा आकडा जांबोटीच्या रानाला लागू होत नाही, पाहुणा कितीही जवळचा असो.

जागा

रान एकसारखं असावं. बांधाच्या कडेचा पट्टा, आंब्याची सावली, जुना उकिरडा होता ती जागा, पाणी साचतं तो खालचा कोपरा, एवढं सोडून द्या. गेल्या साली अर्ध्या रानात सोयाबीन आणि अर्ध्यात उसाचा खोडवा असेल तर ती शीव मनात पक्की धरा. सोयाबीनमागचा मका वेगळा येतो.

आपल्याकडची रानं क्वचितच सपाट असतात. वरच्या अंगाला मुरूम, खालच्या अंगाला गाळ. तीन वाणांचे तीन मोठे पट्टे वरून खाली एकामागोमाग लावले तर खालच्या पट्ट्यातला वाण जिंकणारच, तो कुठलाही असो. म्हणून पुढची आखणी.

आखणी

रानाचे वरून खाली चार भाग करा. प्रत्येक भाग उताराला आडवा, म्हणजे एका भागात माती साधारण सारखी. प्रत्येक भागात तिन्ही वाण एकेकदा. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, चारही भागांसाठी वेगवेगळा. नेहमी एकच वाण कडेला येऊ नये यासाठी चिठ्ठ्या, आणि आपल्या आवडत्या वाणाला नकळत चांगली जागा मिळू नये यासाठीही.

एका वाणाचा एक पट्टा सहा ओळींचा, दोन ओळींमध्ये दोन फूट अंतर, म्हणजे बारा फूट रुंद. लांबी 66 फूट, म्हणजे गुंठ्याच्या दोन बाजू. असे बारा पट्टे झाले की जेमतेम पावणेनऊ गुंठे भरतात. मधल्या वाटा धरून दहा.

सहा ओळींतल्या फक्त मधल्या चार मोजायच्या, आणि दोन्ही टोकांचे तीन-तीन फूट सोडायचे. कडेच्या ताटांना जास्त ऊन मिळतं. शेजारचा उंच वाण आपल्या बुटक्या वाणावर सावली टाकतो. ते आकडे मोजणीत आणायचे नाहीत. मोजायचं क्षेत्र उरतं आठ फूट गुणिले साठ फूट, 480 चौरस फूट. एकरात 43,560 चौरस फूट, म्हणून पट्ट्यातल्या किलोला 90.75 नं गुणलं की एकरी किलो मिळतात. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

चारही भागांच्या टोकाला खुंट्या आणि त्यावर प्लास्टिकच्या पट्टीवर पक्क्या शाईनं नंबर. शाई पावसात धुऊन जाते, तेव्हा नकाशा वहीतही हवा.

पेरणी

उगवणशक्ती घरी बघा. प्रत्येक वाणाचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि आठवडाभरानं मोजा. लेबलापेक्षा बरंच कमी उगवलं तर दुकानदाराकडं जायची वेळ आत्ताच असते, नंतर नाही.

खरिपात कर्नाटकी बेंदराच्या (ज्येष्ठ पौर्णिमेच्या) आगंमागं वाफसा मिळाला की टोकणा. दोन फुटांच्या ओळीत आठ इंचांवर, जागेला दोन दाणे. कुरीनं पेरलं तर दाणे कुठं दाट, कुठं विरळ पडतात. प्रत्यक्ष शेतात ते चालतं, तुलनेत नाही. बारा पट्टे एकाच दिवशी झाले पाहिजेत. उद्यावर ढकललेला पट्टा आणि मध्ये पडलेला पाऊस, यातून पुढं कितीही हिशेब केला तरी बाहेर पडता येत नाही.

दहा-बारा दिवसांनी विरळणी करून जागेला एक ताट ठेवा. या अंतरानं मोजायच्या क्षेत्रात 360 ताटं बसतात आणि एकरी सुमारे 32,700. काही नवे संकर दाटीत चांगले येतात, काही दाट केले की वांझ ताटं काढतात. कंपनीनं एखाद्या वाणाला वेगळं अंतर सांगितलं असलं तरी पहिल्या वर्षी सगळ्यांना एकच अंतर द्या. दाटीचा प्रयोग वेगळा करायचा असतो.

खत, कोळपणी, भांगलण, पाणी, फवारणी, सगळं सगळ्यांना सारखं आणि एकाच दिवशी. नत्र तीन हप्त्यांत द्या: पेरणीला, गुडघाभर झाल्यावर, आणि तुरा निघायच्या बेताला. अमेरिकन लष्करी अळी देशात पहिल्यांदा दिसली ती आपल्याच राज्यात, 2018 साली शिवमोग्गा भागात, आणि आता ती दर हंगामाची पाहुणी आहे. एका वाणाला अळी कमी लागलेली दिसली तर ते नोंदवा, पण फवारा मारायचा तर बाराही पट्ट्यांवर.

हंगामात लिहून ठेवायच्या गोष्टी

इथं फार पसारा नको. अर्ध्या ताटांना तुरा आला ती तारीख आणि अर्ध्या कणसांना केस फुटले ती तारीख या दोन तारखा मात्र चुकवू नका. ताण पडला की केस मागं राहतात, तुऱ्याचा पराग उडून जातो आणि कणसं वरून अर्धी रिकामी राहतात. ज्या वाणात हे अंतर ताणातही दोन-तीन दिवसांवर राहतं तो कोरडवाहू रानाला धार्जिणा. उताऱ्यातला फरक कुठून आला हे पुढं समजतं ते बऱ्याचदा या दोन तारखांवरूनच.

बाकी करपा किती चढला, ताटं किती मोडली, आणि वैरण शेवटपर्यंत हिरवी राहिली का, एवढं. दारात दोन म्हशी असतील तर शेवटचा मुद्दा अर्ध्या क्विंटलापेक्षा मोठा ठरू शकतो.

काढणी आणि वजन

सगळ्यात जास्त फसगत इथं होते.

कणसाचं साल पिवळं-पांढरं पडून वाळलं आणि दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला की पीक पक्व झालं. या वेळी दाण्यात अजून तीस टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. प्रत्येक वाण त्याच्या पक्वतेनंतर काढा. लवकर आलेला वाण उशिराच्यासाठी रानात उभा ठेवला तर पोपट, परतीचा पाऊस आणि मोडलेली ताटं त्याचं वजन खातात.

काढण्याआधी मोजायच्या क्षेत्रातली ताटं मोजा. 360 मधली 340-350 असतील तर ठीक. एखाद्या पट्ट्यात 280 भरली तर नुसतं त्रैराशिक मांडून भरपाई करू नका, कारण मोकळ्या जागेच्या शेजारची ताटं जास्त खाऊन मोठी कणसं देतात. असा पट्टा ज्या भागात आहे तो भाग त्या वाणाच्या तुलनेतून वगळलेला बरा.

पट्ट्यातली सगळी कणसं सोलून, मळून, दाण्याचं वजन घ्या. सगळं मळणं जमत नसेल तर सगळ्या कणसांचं वजन करा, त्यातली न निवडता पंधरा-वीस कणसं उचला, ती मळा आणि दाण्याचं प्रमाण काढा. हे प्रमाण साधारण ऐंशी टक्क्यांच्या आसपास येतं, पण प्रत्येक वाणाचं वेगळं मोजायला हवं. जाड बुरकुंडाचा (दाणे काढल्यावर उरणाऱ्या दांड्याचा) वाण पोत्यात भरपूर दिसतो आणि मळल्यावर तोंड पाडतो. न निवडता म्हणजे खरोखर न निवडता. हात आपोआप मोठ्या कणसाकडं जातो, म्हणून हे काम घरातल्या लहान पोराला सांगा.

आता ओलावा. ओलावा मोजायचं यंत्र आडत्याकडं असतं, ओळख असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. तीन ठिकाणचे दाणे घेऊन सरासरी काढा. फार ओल्या दाण्यावर यंत्राचा आकडा भरवशाचा नसतो, तेव्हा थोडं वाळवूनच न्या. मग सगळी वजनं 14 टक्क्यांवर आणायची. रीत सोपी आहे: शंभरातून ओलावा वजा करा, त्यानं वजनाला गुणा, आणि 86 नं भागा.

एक उदाहरण घेऊ. उशिराच्या वाणाच्या पट्ट्यात 31 किलो दाणे निघाले, ओलावा 26 टक्के. लवकरच्या वाणाचे 29 किलो, ओलावा 17 टक्के. काट्यावर पहिला पुढं आहे: एकरी 28.1 क्विंटल विरुद्ध 26.3. ओलावा धरून पहिल्याचे 31 गुणिले 74 भागिले 86, म्हणजे 26.7 किलो. दुसऱ्याचे 29 गुणिले 83 भागिले 86, म्हणजे 28 किलो. एकरी 24.2 आणि 25.4. निकाल उलटला! टपरीवरचे निम्मे वाद या एका गुणाकारानं मिटतील, पण मग टपरी चालणार कशी.

यंत्र मिळालंच नाही तर बाराही पट्ट्यांचे दाणे एकाच ताडपत्रीवर वेगवेगळे पसरून एकत्र वाळवा आणि सलग दोन दिवस वजन हलेना झालं की मोजा. 14 टक्के नेमके येणार नाहीत, पण सगळे एका पातळीवर येतात आणि तुलनेला तेवढं पुरतं.

उभ्या पिकाचा अंदाज हवा असेल तर दोन फुटी ओळीत 21 फूट 9 इंच लांबी मोजा. एवढी जागा म्हणजे एकराचा हजारावा भाग. त्यातली कणसं मोजा, पाच-सहा कणसांच्या दाण्यांच्या रांगा आणि रांगेतले दाणे मोजून सरासरी काढा. समजा 28 कणसं, 14 रांगा, रांगेत 30 दाणे. हजार दाण्यांचं वजन 280 ग्रॅम धरलं तर कणसाला 118 ग्रॅम, एकूण 3.3 किलो, म्हणजे एकरी 33 क्विंटल. हा अंदाज सहसा चढा निघतो, कारण माणूस चांगल्या ओळीसमोर उभा राहतो. व्यापाऱ्याशी बोलायला ठीक, वाण निवडायला नाही.

फरक खरा की नशिबाचा

चार भागांचे आकडे समोर आले की आधी सरासरी काढू नका. प्रत्येक भागात गावच्या वाणाचा आकडा नव्या वाणाच्या आकड्यातून वजा करा. समजा चार फरक आले: अधिक 2.1, अधिक 1.4, अधिक 2.6, अधिक 1.7 क्विंटल. नवा वाण चारही ठिकाणी पुढं आहे. दोन्ही वाण मुळात सारखे असते तर निव्वळ नशिबानं असं व्हायची शक्यता सोळात एक. बऱ्यापैकी विश्वास ठेवा.

दुसरीकडं फरक अधिक 5, उणे 2, अधिक 4, उणे 1 असे आले तर सरासरी दीड क्विंटलाची दिसते, पण ती रानानं केलेली आहे. एकाच वाणाचे चार पट्टे आपापसांत तीन-चार क्विंटलांनी हलत असतील, तर दोन वाणांमधल्या एका क्विंटलाच्या फरकावर पैसे लावू नका.

आणि एका खरिपावर मोहोर उमटवू नका. खरिपाचा आकडा रब्बीच्या आकड्याशीही लावायचा नाही. रब्बीत आभाळ स्वच्छ, पीक जास्त दिवस उभं, पाणी आपल्या हातात, म्हणून तोच वाण तिथं जास्त पडतो. किमान दोन खरीप, त्यातला एक तरी वाईट पावसाचा, बघून मग सगळं रान द्यावं असं माझं मत आहे. दोन-तीन शेजाऱ्यांनी तेच तीन वाण आपापल्या रानात असेच लावले तर एका वर्षातही पुष्कळ कळतं.

पैशाचा हिशेब

एकरी सात-आठ किलो बी लागतं. नवं बियाणं एकरी हजार रुपयांनी महाग असेल, तर 2025-26 च्या क्विंटलला 2,400 रुपये हमीभावानं ती रक्कम 42 किलो मक्यात फिटते. बाजार पडून 1,800 वर आला तर 56 किलो लागतील. तेव्हा चारही भागांत दीड-दोन क्विंटल पुढं असलेल्या वाणासाठी बियाण्याच्या किमतीवर घासाघीस करत बसण्यात अर्थ नाही. फरकच सिद्ध झाला नसेल तर स्वस्त पिशवी घ्या.

महाग बियाणं वाचवायला घरचं बी ठेवावं असा विचार दर वर्षी कुणाच्या तरी डोक्यात येतो. आनुवंशिकीचा हिशेब सांगतो की एकेरी संकराचं बी पुन्हा पेरलं तर संकराचा जोम निम्मा जातो, दुहेरीचा पाव. म्हणजे जो वाण तुमच्या रानात सगळ्यात पुढं आला, त्याचंच घरचं बी सगळ्यात जास्त घसरायची शक्यता. घरचंच बी धरायचं असेल तर संमिश्र वाण लावा, आणि त्यालाही पुढच्या आखणीत सहा ओळींचा एक पट्टा द्या.